रूप आणि स्वभाव : जुन्या वस्तीतल्या नव्या घराची परवानगी



सौंदर्यविचारावरच्या व्याख्यानात बांधकाम परवानगीचं काय काम, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. आमच्या मते काम आहे, आणि बरंच आहे. चित्र आवडलं नाही तर आपण पुढच्या चित्राकडे जातो, पुस्तक पटलं नाही तर मिटून ठेवतो. घराचं तसं नाही. शेजाऱ्याने बांधलेलं घर तुम्हाला रोज सकाळी दिसणार, आणि तुमच्या नातवंडांनाही दिसणार. दुसऱ्या बाजूने पाहा. ज्याला ते बांधायचंय, त्याने आयुष्याची कमाई त्या जमिनीत घातलेली असते. एका टेबलावर त्याचा नकाशा जातो आणि तिथला अधिकारी ठरवतो, हे घर या गल्लीत शोभेल की नाही. आपण वर्गात ‘सुंदर म्हणजे काय’ यावर वर्षानुवर्षं चर्चा करतो. त्या टेबलावर त्याच प्रश्नाचं उत्तर आठ आठवड्यांत शिक्का मारून द्यावं लागतं.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आर्किटेक्ट नाही, वकील तर नाहीच. तेव्हा अर्ज कसा भरावा हे आम्ही सांगणार नाही. आम्हाला आज एका कायद्याच्या भाषेची समीक्षा करायची आहे आणि त्या निमित्ताने दोन घरांची. कायदा इंग्लंडचा आहे, घरंही लंडनमधली आहेत. शेवटी थोडं गिरगावात येऊ, कारण हाच प्रश्न तिथे वेगळे कपडे घालून उभा आहे.

आधी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात जुन्या इमारती झपाट्याने पडू लागल्या. बॉम्बने पडल्या त्या पडल्याच, पण नंतर रस्तारुंदी आणि पुनर्विकासाच्या नावाखालीही पुष्कळ पाडल्या गेल्या. लंडनच्या यूस्टन स्टेशनची भव्य दगडी कमान १९६१-६२ मध्ये पाडली तेव्हा लोक फार हळहळले. तोवर कायदा एकेका इमारतीला संरक्षण देत होता. पण एखाद्या गल्लीत एकही इमारत महान नसते आणि तरी सगळी गल्ली मिळून काहीतरी असते, त्याचं काय? डंकन सँडिस यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये सिव्हिक अमेनिटीज ॲक्ट आला आणि ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’ ही कल्पना जन्मली. आपण तिला जतन-क्षेत्र म्हणू. पहिलं क्षेत्र त्याच वर्षी लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड गावात जाहीर झालं. आज एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे १०,००० क्षेत्रं आहेत.

या क्षेत्रात नवं घर बांधायचं तर काय करावं लागतं? नकाशे लागतात. एका घरासाठीसुद्धा रचनेमागचा विचार सांगणारं निवेदन लागतं. परिसराचं ऐतिहासिक महत्त्व काय आणि आपल्या घराने त्यावर काय परिणाम होईल, हे लिहून द्यावं लागतं. जागेवर जुनं बांधकाम असेल तर ते पाडायलाही बहुधा परवानगी घ्यावी लागते. झाड तोडायचं तर सहा आठवडे आधी कळवावं लागतं. मग कौन्सिल नोटीस लावते, शेजारीपाजारी हरकती पाठवतात आणि साधारण आठ आठवड्यांत निकाल अपेक्षित असतो. नकार आला तर सरकारी निरीक्षकाकडे अपील करता येतं.

हा सगळा डोलारा ज्या वाक्यावर उभा आहे ते आज १९९० च्या कायद्याच्या ७२ व्या कलमात आहे. त्याचा आशय असा : या क्षेत्रात कोणताही निर्णय घेताना त्या क्षेत्राचा स्वभाव किंवा रूप जपणं किंवा खुलवणं इष्ट आहे, याकडे विशेष लक्ष द्यावं.

हे वाक्य नीट ऐका. नामं दोन आहेत : स्वभाव आणि रूप. क्रियापदंही दोन आहेत : जपणं आणि खुलवणं. कायदा लिहिणाऱ्यांनी चार शब्द ठेवले, कारण त्यांना चार वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की व्यवहारात या चारांतले दोन हळूहळू गळून गेले. उरलं ते ‘रूप जपणं’. आणि रूप जपणं म्हणजे शेजाऱ्यासारखं दिसणं, असा त्याचा अर्थ होऊन बसला.

हे घडलं कसं? कुणी मुद्दाम केलं नाही. एका अगदी साध्या घराचा खटला यात मोलाचा आहे. इंग्लंडच्या वायव्येला कार्टमेल नावाचं छोटं गाव आहे. मध्ययुगीन प्रायरी चर्च आणि त्याभोवती दगडी घरं, असं ते गाव. तिथल्या जुन्या व्हिकारेजच्या, म्हणजे धर्मगुरूच्या निवासस्थानाच्या बागेत नवं निवासस्थान बांधायचा प्रस्ताव चर्चच्या मंडळाने दिला. कौन्सिलने नाही म्हटलं. निरीक्षकाने अपिलात हो म्हटलं. कौन्सिल कोर्टात गेली आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचलं. एका पाद्र्याच्या घरासाठी देशाचं सर्वोच्च न्यायपीठ बसलं!

मुद्दा भाषेचाच होता. ‘जपणं’ याचा अर्थ काय? कौन्सिलचं म्हणणं असं, की नव्या बांधकामाने परिसराला काही दिलं पाहिजे, नुसतं निरुपद्रवी असून भागणार नाही. १९९२ मध्ये लॉर्ड ब्रिज यांनी निवाडा दिला, की ज्याने हानी होत नाही त्याने जपणूक झालीच. परिसर होता तसा राहिला तरी कायद्याचं समाधान होतं.

आम्हाला हा निवाडा योग्य वाटतो. उलटा निर्णय लागला असता तर प्रत्येक घराला उत्कृष्ट कलाकृती असण्याची सक्ती झाली असती, आणि साध्या माणसाला साधं घर बांधणं अशक्य झालं असतं. उत्कृष्टतेची सक्ती करणारा समाज फार लवकर श्रीमंतांचा समाज होतो. तेव्हा लॉर्ड ब्रिज यांच्या निवाड्यात एक उदारपणा आहे, तो विसरू नये.

पण त्याची पुढची पायरी पाहा. ‘हानी नाही’ हे पुरेसं ठरलं की अर्जदाराचा सगळा जोर ‘हानी नाही’ हे सिद्ध करण्याकडे लागतो. आणि हानी नाही हे दाखवायचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? माझं घर शेजारच्या घरासारखंच दिसतं, हा. त्यात २०१२ पासूनच्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने हानीचे दोन खण केले : भारी हानी आणि भारीपेक्षा कमी हानी. कमी हानी असेल तर ती सार्वजनिक लाभाशी तोलायची. पुढे २०१४ मध्ये अपील न्यायालयाने बजावलं, की हानी कमी असली तरी तिला तराजूत भरीव वजन द्यायला हवं. ते प्रकरण पवनचक्क्यांचं होतं, पण तत्त्व सगळीकडे लागू झालं. आता पवनचक्कीला सार्वजनिक लाभ दाखवता येतो. एका कुटुंबाच्या एका घराने सार्वजनिक लाभ असा कितीसा दाखवायचा? त्याच्या पारड्यात टाकायला जवळपास काहीच नसतं. मग शहाणा अर्जदार ठरवतो, की तराजूपर्यंत जायचंच नाही, हानी शून्य आहे असंच म्हणायचं. आणि शून्य हानी म्हणजे शून्य फरक.

अशा रीतीने प्रत्येक पायरी समंजस असूनही जिना भलत्याच मजल्यावर नेतो.

आता ‘स्वभाव’ या शब्दाकडे येऊ. माणसाच्या बाबतीत आपण हा फरक सहज करतो. रूप म्हणजे तो कसा दिसतो. स्वभाव म्हणजे तो कसा वागतो, आणि तेही एकदा नव्हे, नेहमी. गल्लीचंही तसंच आहे. विटांचा रंग, खिडक्यांची घडण, छपराचा उतार हे तिचं रूप. घरं रस्त्यापासून किती मागे उभी आहेत, दोन घरांमधून मागचं आकाश दिसतं की नाही, दार रस्त्याकडे उघडतं की भिंतीआड लपतं, कुंपण कमरेएवढं आहे की डोक्यावर जातं, पावसाचं पाणी बागेत मुरतं की शेजाऱ्याकडे ढकललं जातं, हे तिचं वागणं. आपल्याकडे पंगतीचं उदाहरण आहे. पंगतीत नवा माणूस येऊन बसतो. त्याने सगळ्यांसारखंच धोतर नेसलेलं असावं अशी काही अट नसते. त्याने ओळीत बसावं, मांडी आवरून बसावं आणि शेजाऱ्याच्या पानात हात घालू नये, एवढं पुरे. उलट नेसूनसवरून आलेला माणूस पाय पसरून बसला, तर त्याच्या धोतराचं कौतुक कोण करील?

हे लक्षात ठेवून लंडनच्या हॅम्पस्टेड भागात जाऊ. उंचावरची जुनी वस्ती, शेजारी मोठी टेकडी-माळरान, वळणावळणाच्या चढउताराच्या गल्ल्या. १९६८ मध्ये हे जतन-क्षेत्र झालं. तिथल्या दोन घरांविषयी आम्हाला बोलायचं आहे. दोन्ही घरं आर्किटेक्टांनी स्वतःला राहण्यासाठी बांधली आणि दोन्ही एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत.

पहिलं विलो रोडवरचं. एर्नो गोल्डफिंगर हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला वास्तुविशारद. त्याने १९३९ मध्ये तीन घरांची एक सलग ओळ बांधली आणि मधल्या घरात स्वतः राहिला. तेव्हा जतन-क्षेत्राचा कायदा नव्हता, पण हरकती मात्र होत्याच. जुनी छोटी घरं पाडून तिथे काँक्रीटचं घर येणार म्हणून स्थानिक लोक खवळले. विरोधात पुढे होते हेन्री ब्रुक, जे पुढे ब्रिटनचे गृहमंत्री झाले. कादंबरीकार इयान फ्लेमिंगही विरोधकांत होता असं सांगतात. त्याने पुढे १९५९ मध्ये जेम्स बाँडच्या खलनायकाला कोणतं आडनाव दिलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. शेजाऱ्याच्या घरावर राग काढायचे किती मार्ग असतात पाहा!

या घरासमोर उभं राहून नुसतं रूप पाहिलं तर ते परकं वाटतं. सपाट छप्पर, पहिल्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली खिडकी, खाली बारीक खांब. पण वागणं पाहा. सांगाडा काँक्रीटचा असला तरी दर्शनी भाग लाल विटेचा आहे, आणि हॅम्पस्टेड विटेचंच गाव आहे. तीन घरं मिळून सलग ओळ आहे आणि लंडनमधली अठराव्या शतकातली घरं अशीच सलग ओळीत उभी असतात. मुख्य दिवाणखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि मोठ्या खिडक्या तिथेच आहेत, हेही जॉर्जियन काळापासूनचंच वळण. गोल्डफिंगरचा स्वतःचा दावा हाच होता, की आपण या परंपरेतलेच आहोत. आम्हाला तो दावा पटतो. त्याने जॉर्जियन घराची खिडकी उचलली नाही, जॉर्जियन घर रस्त्याशी ज्या रीतीने बोलतं ती रीत उचलली.

हे घर आज नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे आणि लोक तिकीट काढून ते पाहायला जातात.

दुसरं घर डाउनशर हिलवरचं. दोन्ही बाजूंना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची देखणी घरं, आणि मध्ये १९७६ मध्ये मायकल आणि पॅटी हॉपकिन्स या दांपत्याने बांधलेलं पोलाद आणि काचेचं घर. इथे तर वीटसुद्धा नाही. समोर काच, मागे काच, बाजूंना नालीदार पत्रा. सांगाडा इतका बारीक की तो घराचा वाटत नाही, एखाद्या मांडवाचा वाटतो. आत खोल्यांना पक्क्या भिंती जवळपास नाहीतच, पुष्कळ ठिकाणी पट्ट्यांच्या पडद्यांनी भागवलंय. ‘शेजाऱ्यासारखं दिसतं का?’ या एकाच प्रश्नावर परीक्षा घेतली तर हे घर पहिल्या पाच मिनिटांत नापास होईल.

आता दुसरा प्रश्न विचारू : ते वागतं कसं? जमीन रस्त्यापेक्षा खोल आहे. घर दोन मजली आहे, पण खालचा मजला त्या खोलगटात बसवलाय. रस्त्यावरून एका छोट्या पुलावरून वरच्या मजल्यात शिरायचं. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला एकच मजला दिसतो, तोही झाडोऱ्यामागे. शेजारची जुनी घरं उंच, आणि ती पूर्वीसारखीच उठून दिसतात. त्यांच्यामधली मोकळीक, त्यांच्या वरचं आकाश, बागेची हिरवळ यांतलं काहीही या घराने गिळलेलं नाही. काचेत समोरची झाडं दिसतात. पंगतीत उशिरा आलेल्या माणसाने कोपरं आवरून बसावं तसं ते बसलंय. कपडे मात्र स्वतःचे आहेत, आणि ते लपवायचा प्रयत्नही नाही.

या घराला सरकारने दुसऱ्या श्रेणीतला वरचा, तारांकित दर्जा दिला आहे. म्हणजे जे घर ‘परिसराला शोभेल का’ या परीक्षेचा विषय होतं, तेच आता परिसराचा जपायचा भाग आहे. उद्या शेजारी कुणी नवं घर बांधायचं म्हटलं तर त्याला विचारलं जाईल, की या पोलादी घराला तुमच्यामुळे हानी होत नाही ना?

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. अशी उदाहरणं सांगितली की लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, विरोध करणारे नेहमी चुकतात, आजचं धाडस हाच उद्याचा वारसा! हा तर्क लंगडा आहे. जी धाडसं फसली ती आपण व्याख्यानात सांगत नाही, म्हणून ती नसतात असं होत नाही. त्याच पन्नास-साठ वर्षांत इंग्लंडच्या जुन्या गावांमध्ये मधोमध अशी बांधकामं झाली, की आजही लोक तिथून मान खाली घालून जातात. हॅम्पस्टेडचे किंवा आणखी कुठलेही शेजारी नव्याकडे संशयाने पाहतात तो संशय त्यांनी अनुभवाने कमावलेला आहे. भविष्यकाळ माझ्या बाजूने साक्ष देईल असं कोणत्याही अर्जदाराला म्हणता येत नाही. साक्षीदार हजर पाहिजे.

आणि आमची कसोटी आधुनिकतेची वकिली करते असंही समजू नका. टेम्सच्या काठी रिचमंडला क्विनलन टेरी या वास्तुविशारदाने ऐंशीच्या दशकात एक मोठा प्रकल्प केला. दर्शनी बाजू सगळ्या अठराव्या शतकातल्यासारख्या, आणि आत त्या काळची आधुनिक ऑफिसं. टीकाकार तुटून पडले. हा मुखवटा आहे, हे ढोंग आहे, असं म्हणाले. रूपाच्या बाबतीत ती टीका आम्हालाही मान्य आहे. बाहेरून घरांची ओळ आणि आत ऑफिसांचे मजले, म्हणजे खिडकी एक सांगते आणि खोली दुसरंच. पण त्या इमारतींसमोर नदीकडे उतरत जाणारी हिरवळीची बैठक आहे, पायऱ्या आहेत, आणि ऊन पडलं की लोक तिथे येऊन बसतात. नदीशी आणि माणसांशी त्या प्रकल्पाचं वागणं चांगलं आहे. तेव्हा ‘जुन्याची नक्कल म्हणून वाईट’ हा न्यायही रूपापाशीच थांबलेला आहे. नक्कल हवी म्हणणारे आणि नक्कल नको म्हणणारे, दोघेही कपड्यांवरच भांडतायत.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने जतनाच्या क्षेत्रात सांगितलं, की जुन्या वास्तूत जी भर अटळ असेल ती वेगळी ओळखू यावी, तिच्यावर आजचा ठसा असावा. त्याआधी १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तीही जुन्याचं सोंग आणण्याच्या विरोधातच. एकीकडे ही शिकवण आणि दुसरीकडे गल्लीतल्या शेजाऱ्याची मागणी, की फरक कळता कामा नये. अर्जदार बिचारा या दोघांत सापडतो. आम्ही म्हणतो, ही कोंडी खोटी आहे. ती रूपाच्या पातळीवर सुटतच नाही. स्वभावाच्या पातळीवर गेलं की कोंडी राहत नाही, कारण वेगळं दिसूनही नीट वागता येतं आणि सारखं दिसूनही वाईट वागता येतं.

सारखं दिसून वाईट वागण्याचं एक कल्पित उदाहरण घेऊ. कुणीतरी नवं घर बांधतो. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, पिवळसर वीट, स्लेटचं छप्पर, सगळं शेजाऱ्यासारखं. हरकत घ्यायला जागा नाही. पण समोरच्या बागेचं फरसबंदी पार्किंग झालं. हिरवं कुंपण गेलं. दोन घरांमधली फट भरून टाकली, त्यामुळे मागचं मोठं झाड आता रस्त्यावरून दिसत नाही. खाली दोन मजले तळघर खोदलं, त्याच्या खोदकामात वर्षभर गल्ली धुळीत राहिली. फोटोत हे घर शेजाऱ्यांचं जुळं भावंड दिसेल. गल्लीचा स्वभाव मात्र त्याने बदलला. हॅम्पस्टेडसारख्या भागात तळघरांचा प्रश्न इतका वाढला, की कौन्सिलला त्यासाठी वेगळं धोरण करावं लागलं. म्हणजे रूपाची राखण करणारी व्यवस्था वागण्याकडे पाहायला उशिरा शिकली.

आता कुणी विचारील, ‘सर, वागणं हेही शेवटी मतच ना? एकाला नीट वागणं वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही.’ प्रश्न रास्त आहे, आणि इथे कांट उपयोगी पडतो. १७९० च्या ग्रंथात त्याने सांगितलं, की ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना आपण नुसती आवड सांगत नसतो, दुसऱ्यानेही मान्य करावं अशी मागणी करत असतो. पण ती मागणी सिद्ध करायला नियम मात्र नसतो. याचा अर्थ आम्ही असा घेतो, की जिथे नियम नाही तिथे कारणं द्यावी लागतात, आणि कारणं देणं हे नियम लावण्यापेक्षा अवघड, पण अधिक प्रामाणिक काम आहे. ‘परिसराच्या स्वभावाशी विसंगत’ हे तीन शब्द लिहून नकार देणारा अधिकारी कारण देत नाही, शिक्का मारतो. ‘या ओळीतल्या प्रत्येक घराच्या बाजूने मागची झाडं दिसतात, तुमच्या घराने ती दिसणार नाहीत’ हे कारण झालं. त्यावर अर्जदाराला बोलता येतं, नकाशा बदलता येतो, निरीक्षकासमोर वादही घालता येतो. विसंगत या शब्दाशी वाद घालता येत नाही.

अधिकाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्याकडे वेळ कमी, अर्ज पुष्कळ. विटेचा नमुना तपासणं सोपं, गल्लीचा स्वभाव वाचणं कठीण. पण त्यावर उपाय कायद्यातच आहे. क्षेत्र जाहीर करताना त्याचं वर्णन लिहिण्याची पद्धत आहे. त्या वर्णनात खिडक्यांच्या घडणीची यादी दहा पानं आणि वागण्याबद्दल दोन ओळी, असं प्रमाण असतं तिथे ते उलटं करता येईल.

आता गिरगाव. मुंबईत वारसा जतनाची नियमावली १९९५ मध्ये आली. तिच्यात एकेका इमारतीला श्रेणी आहेत, आणि वस्त्यांसाठी वेगळं वारसा परिसर हे प्रकरणही आहे. कल्पनेचं नातं त्या इंग्लंडमधल्या कायद्याशी आहे, हे उघड आहे. खोताची वाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अरुंद गल्ली, लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरं. तिथली कितीतरी जुनी घरं गेली आणि जागी उंच इमारती आल्या.

इथे हॅम्पस्टेडपेक्षा एक मोठा फरक आहे, आणि तो समीक्षकाने पुसून टाकू नये. हॅम्पस्टेडमध्ये घर बांधणारा आणि हरकत घेणारा दोघेही बहुधा सुस्थितीतले. गिरगावात जिन्याची लाकडं कुजलीयत, छप्पर गळतंय, जुन्या भाडेकायद्यामुळे घरमालकाच्या हाती भाडं नाममात्र येतं आणि भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडत नाही. त्याला ‘तुमचा व्हरांडा फार सुंदर आहे, तो जपा’ असं सांगणं हे पाहुण्याने यजमानाला उपाशी ठेवून पंगतीचं कौतुक करण्यासारखं आहे. ज्याच्या घराने गल्लीचं सौंदर्य टिकतं, त्याच्या दुरुस्तीचा खर्च गल्लीने, म्हणजे शहराने, वाटून घेतला पाहिजे. नाहीतर जतन हा शब्द त्याला शिक्षेसारखा ऐकू येईल, आणि बिल्डर आला की तो सुटकेचा श्वास टाकील. त्यात त्याला दोष कसा द्यायचा?

पण नवं घर तिथे बांधायचंच झालं, तर प्रश्न मात्र तोच राहतो. नव्या इमारतीच्या दर्शनी बाजूला लाकडी कठड्यासारखं काहीतरी चिकटवलं आणि खाली तीन मजले गाड्यांसाठी ठेवले, तर खोताच्या वाडीचं रूप थोडं राहील, स्वभाव साफ जाईल. त्या गल्लीचा स्वभाव असा, की व्हरांड्यात बसलेला माणूस गल्लीतून जाणाऱ्याशी आवाज न चढवता बोलू शकतो. ही उंची, हे अंतर, ही ओळख जो आर्किटेक्ट नव्या घरात ठेवील त्याने खिडक्या ॲल्युमिनियमच्या केल्या तरी आम्ही त्याला माफ करू.

तेव्हा समारोप करताना तिघांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्याला घर बांधायचंय त्याने अर्जात ‘माझं घर कसं दिसेल’ याच्या आधी ‘ही गल्ली कशी वागते आणि माझं घर तिच्यात कसं वागेल’ हे लिहावं. ज्याला हरकत घ्यायची त्याने ‘आम्हाला आवडलं नाही’ यावर न थांबता नेमकं काय हिरावलं जाणार आहे ते सांगावं. सांगता आलं नाही तर हरकत मागे घ्यावी. आणि ज्याच्या हातात शिक्का आहे त्याने कायद्यातले चारही शब्द वाचावेत. जपणं आहे, तसं खुलवणंही आहे. रूप आहे, तसा स्वभावही आहे. ज्या गल्लीत आपल्या काळाला एकही घर स्वतःच्या कपड्यांत बांधता येत नाही, त्या गल्लीचा स्वभाव जपला गेला असं आम्ही म्हणणार नाही. कारण नवा माणूस सामावून घेणं हाही तिचा स्वभावच होता. नाहीतर ती गल्ली मुळात वसलीच नसती.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, विशेषतः ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी.